दुसऱ्या फेरीला न आलेले

मला नोकरीवरून काढून टाकलं. वाचून झालं असेल तर हे वाक्य आता विसरून जावं, कारण असं काही घडलेलं नाही. मी नोकरीत आहे, एप्रिल संपत आलाय, गुरुवारची सकाळ आहे, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी खुर्चीत नीट बसलोय आणि शेजारच्या बिस्किटांच्या कारखान्यातून व्हॅनिलाचा वास येतोय. हा वास रोज येतो. आमच्याकडे गोळ्यांच्या चाचणीसाठी येणारी माणसं आदल्या संध्याकाळपासून उपाशी असतात, हाताला सुई टोचलेली असते, थोड्या थोड्या वेळाने रक्त काढलं जातं, आणि खिडकीतून ताज्या क्रीम बिस्किटांचा वास आत येतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. गाळा तिथेच मिळाला होता. नवीन माणूस पहिल्यांदा तो वास घेतो तेव्हा इकडेतिकडे बघतो, मग छताकडे बघतो, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असे काही भाव येतात की ते मोजायला जगात अजून यंत्र निघालेलं नाही. आम्ही फक्त रक्त मोजतो.

आम्ही नेमकं काय करतो हे मी एकदा आईला समजावलं होतं. म्हटलं, एका कंपनीची जुनी गोळी असते, दुसरी कंपनी तिच्यासारखी नवी गोळी बनवते. नवी जुनीइतकीच रक्तात उतरते का ते बघायचं. चोवीस धडधाकट माणसं घ्यायची. अर्ध्यांना आधी जुनी द्यायची, ती रक्तातून पार धुऊन जाईपर्यंत काही दिवस थांबायचं, मग नवी द्यायची. उरलेल्या अर्ध्यांना उलटं. म्हणजे दोन फेऱ्या. प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघायचा, शेजाऱ्याशी नाही. आईला, चांगुणाबाई सुदाम यांना, ही शेवटची गोष्ट फार आवडली. "हे बरंय," ती म्हणाली, "आणि माणसं आजारी असतात का?" नाही म्हटलं. "मग गोळ्या कशाला खातात?" म्हटलं, आजारी माणसांना पुढे मिळाव्यात म्हणून. "आणि तू काय करतोस?" मी आकडे बघतो. तिने थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कौसाबाईंना सांगितलं की आमचा आकाश सायंटिस्ट आहे, रक्त बघतो. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणालाही साधी शिंक आली तरी माझं मत विचारलं जातं. मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स आहे. शिंकेबद्दल मी एवढंच सांगू शकतो की एका शिंकेवरून काही सांगता येत नाही.

तर गुरुवारी लॅबमधून फाइल आली. पहिल्या फेरीचा रकाना भरलेला होता, दुसऱ्या फेरीच्या रकान्यात पाच जागा रिकाम्या. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याचं नाव आर. एवढंच नाव, एक अक्षर, जगभरच्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेलं, मी उल्हासनगरच्या एका सायबर कॅफेतून सीडीवर उतरवून आणलेलं. हे सॉफ्टवेअर रिकामी जागा रिकामी राहू देत नाही, तिथे एनए लिहितं. म्हणजे उपलब्ध नाही. बदलापुरात एनए म्हटलं की लोक प्लॉटचा भाव विचारतात. मी भाव विचारला नाही, क्रमांक बघितले. चार, नऊ, अकरा, अठरा, बावीस. आमच्या कामात माणसांना नावं नसतात, नसावीतच, कारण आकडे बघणाऱ्याला नाव कळलं की आकड्याला नाक-डोळे फुटतात. पण मी नऊवर आलो आणि तो क्रमांक पुन्हा एकदा वाचला. नऊ नंबरला मी ओळखत होतो. तो मला नुकताच भेटला होता आणि तेव्हा तो बँजो वाजवत होता.

चौदा एप्रिलची संध्याकाळ होती. आमच्या वस्तीची मिरवणूक स्टेशनच्या रस्त्याला वळली होती, मी पांढऱ्या शर्टात घामाने पारदर्शक झालो होतो, आणि बँजो पार्टीच्या टेम्पोवर प्रमोद उभा होता. प्रमोद म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारा, शाळेत माझ्याच बाकावर बसलेला, आता एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो आणि वर्षातून एक संध्याकाळ जगातला सर्वात मोठा कलाकार असतो. त्याने मला बघितलं आणि हात न थांबवता वाकला. "काय सायंटिस्ट, मी आत्ता तुझ्याकडे असायला पाहिजे होतो."

"माझ्याकडे कुठे?"

"तुझ्या कंपनीत रे. गोळी खाऊन पडायचं होतं ना आज. मी नऊ नंबर. तो बघ भगवंत, तो अकरा. झेंडा धरलाय तो अठरा."

"नंबर सांगू नको मला."

"का, लॉटरी लागणारे?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. स्पीकर पुढ्यात असल्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रमोदने ओठांनी, आवाज न काढता, आणखी दोन आकडे मला सांगितले आणि तेही मला कळले. त्या वेळी मला फक्त मजा वाटली होती. आपली गहाळ माहिती समोर नाचताना बघायचा योग फार थोड्या सांख्यिकांना येतो. पुस्तकांत गहाळ माहितीचे तीन प्रकार सांगितलेत. (प्रकार म्हणतो, जाती म्हणत नाही, तो शब्द आमच्या घरी जपून वापरतात.) एक, जी उगाच गहाळ होते. दोन, जी का गहाळ झाली ते आपल्याजवळच्या बाकीच्या माहितीवरून समजू शकतं. तीन, जी स्वतःमुळेच गहाळ होते, म्हणजे समजा गोळीने माणसाला गरगरलं आणि म्हणून तो परत आला नाही. तिसरा प्रकार घातक, तो सगळा निष्कर्ष आतून कुरतडतो. म्हणून माणूस का आला नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न आहे. आणि इथे त्याचं उत्तर टेम्पोवर उभं होतं, निळ्या गुलालात, आणि गोळीने त्याला काहीही झालेलं नव्हतं. एवढं स्वच्छ कारण कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

आता ही तारीख आली कुठून. दुसरी फेरी ठरली होती सात तारखेला. आमचे मालक छतलानी सर उल्हासनगर पाच नंबर कॅम्पातले, आणि सात तारखेला होतं चेटीचंड, सिंधी लोकांचं नववर्ष. सर म्हणाले, त्या दिवशी मी घरच्यांबरोबर असणार आणि मी नसताना माझ्याकडे कोणाचं रक्त काढायचं नाही. रास्त आहे. आठवडा पुढे ढकला म्हणाले. शास्त्राचीही हरकत नव्हती, रक्त धुऊन निघायला वेळ जास्तच मिळत होता. सात अधिक सात चौदा. प्लॅनिंगच्या टेबलावर कॅलेंडर होतं, चौदाचा आकडा लालच छापलेला होता, पण लोक त्या महिन्यात फक्त सातकडे बघत होते, आणि एकदा सात चुकवल्यावर सगळ्यांना वाटलं की आता पुढे रस्ता मोकळा. तारीख बदलल्याचा फोन आला तेव्हा प्रमोदने आणि बाकी चौघांनी सांगितलंही होतं, चौदाला नाही जमणार ताई, वर्षात एकच दिवस असतो. ताई म्हणाल्या, बघू, तेव्हाचं तेव्हा. मग तेव्हा आलं. तेराच्या संध्याकाळी एकोणीस माणसं आमच्या हॉलमध्ये येऊन उपाशी झोपली आणि पाच माणसं आली नाहीत.

माझ्या शेजारच्या मशीनवर कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर आहे. ते जुन्या रीतीने चालतं. ते काय करतं ते सांगतो, कारण सगळं भांडण यावरून आहे. ते प्रत्येक माणसाची स्वतःची सरासरी काढतं आणि त्याच्या प्रत्येक आकड्यातून ती वजा करतं, म्हणजे माणूस जाड का बारीक, रक्त पातळ का घट्ट, हे सगळं निघून जातं आणि फक्त गोळीगोळीतला फरक उरतो. दोन आकडे असलेल्या माणसाला हे छान चालतं. पण ज्याचा एकच आकडा आहे त्याची सरासरी म्हणजे तोच आकडा. त्यातून तोच वजा. उरलं शून्य. हात टोचून घेतलेला, व्हॅनिलाच्या वासात उपाशी बसलेला, बाटली बाटली रक्त दिलेला माणूस, त्याची स्वतःशीच वजाबाकी होते आणि तो नाहीसा होतो. सॉफ्टवेअर तसं सांगतही नाही. खाली बारीक अक्षरात लिहितं की एकोणीस जण वापरले. आरमध्येही हे करता येतं, पण आरमध्ये दुसरी रीतही आहे. तीत माणूस हा मोठ्या गर्दीतून आलेला एक माणूस धरला जातो, त्याच्या एकट्या आकड्याला गर्दीच्या मानाने थोडं वजन मिळतं. फार नाही. अर्ध्या हजेरीचं जेवढं असावं तेवढंच, पण शून्य नाही. मी दोन्ही रीती चालवल्या. नव्या गोळीचं जुनीशी गुणोत्तर, त्याच्या अंदाजाची खालची आणि वरची हद्द धरून, ऐंशी ते एकशेपंचवीस टक्क्यांमध्ये बसलं की ती पास. जगातली ही एकच परीक्षा, जीत एकशेचोवीस मिळाले तर उत्तीर्ण आणि एकशेसव्वीस मिळाले तर नापास. पाच जण वगळून खालची हद्द आली एक्क्याण्णव पूर्णांक सत्तावीस. पाच जण धरून आली एक्क्याण्णव पूर्णांक एकोणतीस. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. एवढा फरक तर पंख्याच्या वाऱ्यानेही पडत असेल.

इथे शहाण्या माणसाने चहा प्यायला जायचं असतं. मी गेलो नाही, कारण परदेशातल्या औषध-नियमन खात्याला जायच्या इंग्रजी अहवालाचा मसुदा सरांच्या केबिनमधून आलेला होता आणि त्यात एक वाक्य होतं: पाच स्वयंसेवक दुसऱ्या फेरीस अनुपस्थित, कारण अज्ञात, सबब विश्लेषणातून वगळले. खाली सांख्यिकाच्या सहीची रेघ होती. कारण अज्ञात. माझे कान गरम झाले, आणि ते नेमके असेच कधी गरम झाले होते ते मला लगेच आठवलं. मी शाळेत होतो, सहा डिसेंबरला दादरला गेलो होतो, सात तारखेला बाबा मला घेऊन वर्गाच्या दारात उभे होते. आमचे बाबा कारखान्यात फिटर, फर्स्ट शिफ्ट बुडवून आलेले. बाईंच्या हजेरीत गैरहजेरीची कारणं लिहायला रकाने होते, आजारपण, गावी, घरगुती. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. "सुदामराव, ताप लिहिते ना. तापाला रकाना आहे." बाबा म्हणाले, "ताप नव्हता, बाई." "अहो, सगळे तेच लिहितात." "ताप नव्हता." पूर्ण वर्ग बघत होता आणि मला मनापासून वाटत होतं की या क्षणी ताप यावा, निदान बाई तरी खोट्या ठरू नयेत. गणिताचा तास सुरू झाला, बाबा दारातच. बेरजा झाल्या, वजाबाक्या झाल्या, हातचा घेऊन झाला. शेवटी बाईंनी 'गावी' या रकान्यात चैत्यभूमी असं लिहिलं आणि वही फिरवून बाबांना दाखवली. बाबांनी वाचलं. "चालेल," म्हणाले, "गावच आहे ते." आणि गेले. मी तेव्हा ठरवलं होतं की मोठेपणी आपण असं कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. माझं हे ठरवणं नमुन्याचा आकार एक असताना केलेलं होतं. ते टिकलं नाही.

छतलानी सर मला बेटा म्हणतात, म्हणजे ते खरंच म्हणतात, कामापुरतं नाही. मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि आर सुरू केलं. ते सुरू होताना पहिल्यांदा स्वतःबद्दल चार ओळी दाखवतं. सरांनी चष्मा वर केला आणि वाचल्या.

"ह्यात लिहिलंय, कसलीही हमी नाही."

"हो सर."

"कॅपिटलमध्ये लिहिलंय."

"विकतच्यालाही हमी नसते सर. ते बारीक अक्षरात लिहितं."

"हे बनवतं कोण?"

"लोक मिळून बनवतात. जगभरचे."

"पगार?"

"नाही घेत."

"साईं, मी उल्हासनगरात वाढलोय. आमच्या मार्केटमध्ये कोणी काही फुकट दिलं तर आधी त्याची शिलाई तपासायची असते." मग ते मागे टेकले. "बरं, फरक किती पडला?"

सांगितला.

"दोन टक्के?"

"शून्य पूर्णांक शून्य दोन."

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. बाहेर बिस्किटांची पाळी सुरू झाली असावी, वास दाट झाला. "दोन्हीकडे पास?"

"दोन्हीकडे."

"मग बेटा, तू भांडतोयस कशासाठी? गोळी पास, कंपनी पास, तू पास."

"ते पाच जण."

"त्यांना कुठे परीक्षेला बसायचंय?"

मी म्हटलं, ठीक आहे, जुनी रीत वापरा, पण निदान कारण अज्ञात हे दोन शब्द काढा, कारण ते अज्ञात नाही. त्यावर सरांनी जे केलं त्याला मी आजही दाद देतो. त्यांनी ड्रॉवरमधून संमतीपत्राचा कोरा नमुना काढला आणि बोट ठेवून मला वाचायला लावलं: स्वयंसेवक कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता, चाचणीतून बाहेर पडू शकतो. "कारण न सांगणं हा त्यांचा अधिकार आहे. तो अधिकार मी जपतोय. तू काढून घेतोयस." हा मुद्दा इतका सरळ होता की त्याच्यावर उभं राहून फोटो काढता आला असता. माझ्या डोक्यात टेम्पो होता, प्रमोदचे आवाज न करता हलणारे ओठ होते, आणि मला एकदम कळलं की ज्याला बोलायचंय त्याच्या गप्प बसण्याच्या अधिकाराचं रक्षण करणं ही किती सोयीची गोष्ट आहे. "सर," मी म्हटलं, "त्यांनी कारण दिलंय. आधी फोनवर दिलं. मग स्पीकर लावून दिलं."

सर म्हणाले, सोमवारपर्यंत विचार कर. सही तुझीच पाहिजे, दुसरा सांख्यिक कंपनीत नाही. आणि सही नसेल तर मग तुझं इथे काय काम, हेही बघावं लागेल. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मीच त्यांना पाणी द्यावं असं वाटलं.

खाली क्वालिटीच्या टेबलावर जिज्ञासा बसते. शिरगावची, आगरी, घरची भातशेती आता चार बिल्डिंगांच्या खाली आहे आणि तिसऱ्या बिल्डिंगमध्ये ती स्वतः राहते. नियमांमध्ये ती कोणाचं ऐकत नाही, म्हणून मी तिच्याकडे गेलो.

"तुला कारण माहीत कसं?" तिने विचारलं.

"मी तिथे होतो."

"काय करत होतास?"

"नाचत होतो."

"मग तू साक्षीदार झालास. साक्षीदाराने आकडे बघायचे नसतात."

"जिज्ञासा, त्या दिवशी अर्धं अंबरनाथ तिथे होतं."

"मग अर्ध्या अंबरनाथने आकडे बघायचे नाहीत." ती हसलीसुद्धा नाही. "तुला एवढा काय पुळका? त्यांनी काय विचारलंय का तुला?"

"तुमच्याकडे हळदीला आख्खा गाव जमतो. त्या दिवशी तारीख पडली असती आणि तुझे काका आले नसते तर काय लिहिलं असतंस? कारण अज्ञात?"

"आमच्या हळदीला तारीख पडलीच नसती," ती पटकन म्हणाली. "आमचा कमलेश प्लॅनिंगला आहे ना. त्याने लगेच..."

ती थांबली. पेनाचं टोपण काढलं, लावलं. माझं सगळं बोलणं तिनेच करून टाकलं होतं. कमलेश हा तिचा चुलतभाऊ, फार सज्जन मुलगा, त्याने कोणाचं वाईट चिंतलेलं नाही. त्याने फक्त त्या कॅलेंडरकडे त्याच्या डोळ्यांनी बघितलं होतं. टेबलाभोवती जेवढे डोळे असतात तेवढेच सण दिसतात. "जा तू," जिज्ञासा म्हणाली, आणि मग खालच्या आवाजात, घरी बोलते तसं, "काय करशील तं कर, पन लिवून कर. तोंडी नको."

तो शनिवार आणि रविवार मी फार विचित्र अवस्थेत काढला. मी स्वतःशी वाद घालत होतो आणि दोन्ही बाजूंनी हरत होतो. एक बाजू म्हणे, शून्य पूर्णांक शून्य दोन. जगात याहून लहान गोष्टीसाठी कोणी नोकरी घालवल्याचा पुरावा नाही. दुसरी बाजू म्हणे, मोठ्या फरकासाठी तर कोणीही भांडेल, त्यात स्वार्थ असतो. फरक पडत नाही तिथेच कळतं की आपण माणसाला धरलंय की आकड्याला. ही दुसरी बाजू ऐकायला चांगली होती म्हणून मला तिचा संशय यायचा. शिवमंदिराच्या बाजूला प्रमोदचं वर्कशॉप आहे, तिथे गेलो. प्रमोद लेथवर वाकलेला, पायाशी लोखंडाच्या कुरळ्या बटा पडलेल्या. त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, तुमची नावं येणार नाहीत, पण कारण लिहिलं तर चालेल ना? तुमचा अधिकार आहे न सांगण्याचा.

"कोणता अधिकार?" त्याने मशीन बंद केलं.

"कारण न सांगण्याचा."

"आयला, तो पण आहे? आपल्याला माहीतच नव्हतं." त्याने भगवंतला हाक मारली, तो पलीकडे ग्राइंडरवर होता. "भग्या, आपण चौदाला का नाय गेलो हे लपवायचा आपल्याला अधिकार आहे बोलतो हा."

"लपवायला टेम्पो लावला होता काय," भगवंत म्हणाला आणि परत कामाला लागला.

"लिही तू," प्रमोद मला म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिही. आणि जयंती कोणाची ते पूर्ण नावानिशी लिही, शॉर्टकट मारू नको. इंग्लिशमध्ये स्पेलिंग नीट टाक, बाहेरचे लोक वाचणार." मग त्याने हात पुसले. "पण तुझी नोकरी जाईल ना रे, आक्या? आमचं काय, आम्ही एक फेरी आलो, म्हणजे अर्धेच गेलो. तू पूर्ण जाशील." याला तो विनोद समजत होता की नाही मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सही करून टाक, तिकडच्या गोऱ्या साहेबांना काय कळणार चौदा एप्रिल म्हणजे काय. बाबा खाटेवर आडवे होते. रिटायर झाल्यापासून ते बोलण्याचाही ओव्हरटाइम करत नाहीत. "नसेल कळत तर विचारतील," ते म्हणाले. "विचारू देत की." आईच्या हातातली भाकरी हवेतच थांबली. "आणि याची नोकरी?" बाबांनी कूस बदलली. "ती याला विचार. सही याची आहे." मला वाटलं होतं बाबा मला दारात उभं राहायला सांगतील, किंवा नको म्हणतील. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तरी मी त्यांच्यावर ढकलून मोकळा झालो असतो. त्यांनी ती सोयही ठेवली नाही. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि एवढंच म्हणाली, "मी कौसाबाईंना सायंटिस्ट सांगून बसलेय."

सोमवारी मी अहवाल नेला. सांख्यिकाचा भाग मी पुन्हा लिहिला होता, दोन्ही रीतींचे निकाल शेजारी शेजारी, आणि वर एक परिच्छेद: पाच स्वयंसेवक दुसऱ्या फेरीस अनुपस्थित राहिले, कारण फेरीची बदललेली तारीख डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर यांच्या जयंतीच्या दिवशी येत होती, हे त्यांनी आगाऊ कळवलं होतं, या अनुपस्थितीचा औषधाशी संबंध नाही. स्पेलिंग तीनदा तपासलं होतं. सरांनी वाचलं. त्यांनी फाडलं नाही, आवाज चढवला नाही, कपाळ चोळलं. "मधला रस्ता काढू. वैयक्तिक कारण लिही."

"पाच जणांचं एकच वैयक्तिक कारण?"

"होऊ शकतं."

"वैयक्तिक कारणाला बँजो लागत नाही, सर."

"सामाजिक कारण?"

"सामाजिक कारण म्हणजे बारसंसुद्धा असतं."

"बेटा, तिकडचे अधिकारी विचारतील की हा सुट्टीचा दिवस होता तर तुम्ही त्या दिवशी रक्त का काढलंत. मी काय सांगू?"

"खरं सांगा. सातला चेटीचंड होतं."

सरांनी माझा कागद पुन्हा हातात घेतला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा दोन्ही तारखा एका ओळीत दिसल्या, आणि मला त्यांच्याबद्दल खरोखर माया वाटली, कारण चेहऱ्यावरून कळत होतं की ते दृश्य त्यांना अजिबात आवडलेलं नाही. त्यांनी कॅलेंडर ओढलं. "एकवीसला काय होतं?" आम्ही दोघांनी वाकून बघितलं. एकवीसला काहीच नव्हतं. कोणाचंच काही नव्हतं, कोरा चौकोन. एवढा रिकामा दिवस मी आयुष्यात बघितला नव्हता. सरांनी कॅलेंडर बंद केलं आणि म्हणाले, मी हे पाठवू शकत नाही. जुना मसुदा पुढे सरकवला, पेन ठेवलं. मी पेन उचललं, खिशाला लावलं, कारण ते माझंच होतं, गुरुवारी विसरलो होतो, आणि म्हटलं, मी यावर सही करू शकत नाही.

त्यानंतर जे झालं ते कागदावर असं आहे की मी स्वखुशीने, वैयक्तिक कारणास्तव, राजीनामा दिला. कागद टाइप करणाऱ्या ताईंनी मला विचारलं, कोणतं कारण, म्हणजे मी नीट लिहिते. मी त्यांना पूर्ण कारण सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि वैयक्तिक असं टाइप केलं. अहवाल एकोणीस जणांचा गेला. सही बाहेरून मागवली. मी जिना उतरताना जिज्ञासाने तिच्या टेबलावरून तिच्याकडे आलेली माझ्या परिच्छेदाची प्रत मला दाखवली, त्यावर क्वालिटीचा 'वाचले' असा शिक्का होता, आणि ती तिने कुलपाच्या कपाटात ठेवून दिली. नियमाप्रमाणे त्या कपाटातला कागद पंधरा वर्षं नष्ट करता येत नाही. बाहेर ऊन होतं, बिस्किटांचा वास होता, आणि मला सडकून भूक लागली होती. मी कारखान्याच्या गेटवर तुटक्या बिस्किटांचं पाकीट घेतलं आणि रस्त्यातच उभा राहून संपवलं. तुटकी बिस्किटं चवीला अख्ख्यांसारखीच लागतात. हे मी एका पाकिटावरून सांगतोय, पण हमी देतो.

मग घरी आलो, आर उघडलं, फाइल नव्हतीच, ती कंपनीची होती, म्हणून कोरा कागद घेतला आणि जिज्ञासाने सांगितल्याप्रमाणे लिहून केलं. ते असं:

प्रति, मा. अधिकारी, औषध नियमन, जिथे कुठे असतील तिथे. विषय: दुसऱ्या फेरीतील पाच नोंदी पूर्ण करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयी कळविण्यात येते की, स्वयंसेवक क्रमांक चार, नऊ, अकरा, अठरा व बावीस हे दुसऱ्या फेरीस अनुपस्थित नसून अन्यत्र उपस्थित होते. तरी चौदा एप्रिल रोजी सायंकाळी सदर इसमांच्या रक्तात जे काही होते त्याची रीतसर मोजणी करून ती रिकाम्या पाच जागी भरण्यात यावी, व कारणाच्या रकान्यात कारण लिहिण्यात यावे. रकाना नसल्यास तो पाडण्यात यावा. सदर रक्त आजही मूळ पात्रांत, अंबरनाथ पश्चिम येथे, चालू स्थितीत उपलब्ध आहे. नमुने घेण्यास आपले पथक पाठवावयाचे झाल्यास कृपया चौदा एप्रिललाच पाठवावे. इतर दिवशी हे पाचही जण कामावर असतात. त्या दिवशी हजर असतात.